सात नंबरचा उतार

१

वेंडेलिन प्लांगरला बर्फाखालून बाहेर काढलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याचे दोन्ही हात तोंडासमोर होते. अडकलात तर आधी श्वासापुरती पोकळी करा, हे तो तीस वर्षं आपल्याकडे स्की शिकायला येणाऱ्यांना सांगत आला होता. त्यानं ती केली होती. ओंजळीएवढी. ती पुरली नाही.

फावडी घेऊन खणणाऱ्यांत मीही होतो. मी सेराफिन काथराइन, ओबरग्राटेनच्या पोलीस चौकीचा प्रमुख. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली एकच शिपाई, आणि तो त्या आठवड्यात गालगुंडानं घरी पडलेला. साल १९७४, फेब्रुवारीतला बुधवार. मंगळवारपासून पस्तीस सेंटिमीटर नवा बर्फ पडला होता, आणि वाऱ्यानं तो डोंगराच्या आडोशाच्या अंगाला नेऊन रचून ठेवला होता. आमच्या गावातलं कुणीही सांगेल, असा रचलेला बर्फ दिसायला रजईसारखा असतो आणि एका माणसाच्या वजनानं सुटतो. सात नंबरचा उतार नेमका आडोशाला आहे.

वेंडेलिनबरोबर हॉलंडचं एक जोडपं होतं. त्यांना वर उभं करून तो आधी एकटा उतरला, म्हणून ती दोघं वाचली.

साडेअकराला आम्ही त्याला घसरगाडीवर बांधून खाली आणलं. रोपवेच्या खालच्या ठाण्यासमोर मोठा लाकडी फळा होता. अकरा उतार, अकरा पाट्या. पाटीची एक बाजू हिरवी, तिच्यावर ‘उघडा’; दुसरी लाल, तिच्यावर ‘बंद’. सकाळी सातला त्या लावल्या जायच्या. त्या काळी वर उतारांच्या तोंडाशी दोऱ्या नसायच्या. हा फळा म्हणजेच कायदा.

सातची पाटी लाल होती.

“बघ,” रोपवेचे व्यवस्थापक गेबहार्ड राफ्ल माझ्या कानाशी म्हणाले. “बंद होता.”

मागं उभ्या असलेल्या स्कीशिक्षकांत कुजबुज सुरू झाली. तीस वर्षांचा अनुभव, आणि पाहुण्यांना बंद उतारावर नेलं? एकानं डोक्यावरची टोपी काढली होती, ती परत घातली.

मी फळ्याचा फोटो काढला, पद्धत म्हणून. मग शेजारच्या खोलीत गेलो. तिथं बर्फवार्तेचं यंत्र होतं. फोनवर ठरावीक नंबर फिरवला की टेप वाजायची: कुठं किती बर्फ, कुठला उतार उघडा, कुठला बंद. मी ती लावली. “...पाच उघडा. सहा उघडा. सात बंद.” एवढं ऐकलं, यंत्र थांबवलं, टेप पाकिटात घालून वर तारीख टाकली.

आवाज माझ्या आईचा होता. बारा वर्षं तोच होता, त्यामुळं मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

दुपारच्या बसनं वेंडेलिनची मुलगी नोटबुर्गा आली. ती शहरात दाई होती. शाळेत आम्ही एका बाकावर बसलेलो. चौकीत आली ती कोटावरचा बर्फ न झटकताच.

“काय लिहिलंयस?”

“बंद उतारावर गेला, असं दिसतंय.”

“माझा बाप चर्चमध्ये झोपायचा, पत्त्यांत फसवायचा, आईला फसवून दारू प्यायचा. पण लाल पाटी त्यानं कधी ओलांडली नाही. शनिवारी सकाळी त्याला पुरायचंय, सेराफिन. शिक्षकांनी खांदा द्यायला नकार दिलाय. गणवेशाची लाल जाकिटं घालून कुणी येणार नाही म्हणे. शनिवारपर्यंत तू मला सांगायचंस, माझा बाप मूर्ख होता की कुणीतरी खोटं बोलतंय.”

२

गुरुवारी सकाळी मी हॉलंडच्या जोडप्याकडं गेलो. टेर हॉर्स्ट त्यांचं नाव. बाई अंथरुणात होत्या, नवरा खिडकीशी.

“वर जाण्याआधी वेंडेलिननी फळा पाहिला?”

“पाहिला ना. साडेनऊला. आम्ही लांबून पाहिला, पण सगळ्या पाट्यांवर बर्फ थापल्यासारखा चिकटलेला, आम्हाला काही वाचता येईना. ते पार जवळ गेले. डोळे बारीक करून वाचलं. परत आले ते हसत, म्हणाले, ‘तुमचं नशीब जोरावर आहे, सात मिळालाय.’”

“‘मिळालाय’ म्हणाले? ‘घेऊ या’ असं नाही?”

“मिळालाय,” अंथरुणातून बाई म्हणाल्या. “आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.” त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. “आम्ही टाळ्या वाजवल्या हो.”

तिथून मी रोमेड होस्पला शोधायला गेलो. उतार उघडायचे की बंद ठेवायचे हे ठरवणारा माणूस तो. रोज पहाटे वरच्या झोपडीपाशी बर्फ मोजायचा, साडेसहाला खाली माझ्या आईला फोन करून आकडे द्यायचा, आणि मग दिवसभर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सुरुंग लावून बर्फ पाडत असायचा. पंचावन्नचा, उंच, बोलायला कंजूस. तो दोन दिवस दाढी न करता झोपडीत बसला होता.

“तू फोनवर काय सांगितलंस?” मी विचारलं.

“नेहमीचं. खाली सत्तर, वर एकशे नव्वद, नवा पस्तीस. मग उतार. पाच, सहा उघडे. सात आज नाही.”

“नक्की?”

“सेराफिन, त्या बर्फावर मी माझं कुत्रंसुद्धा सोडलं नसतं.”

“आई काय म्हणाली?”

“‘बरं’ म्हणाली. आणखी काय म्हणणार? पूर्वी एकेक आकडा परत म्हणून दाखवायची, जीव खायची. मी हात गारठवत उभा आणि ही आपली ‘खाली सत्तर? वर एकशे नव्वद?’ या हिवाळ्यात शहाणी झालीये. ऐकते आणि ठेवते.”

मी ते वहीत लिहून घेतलं.

“राफ्लनं दबाव आणला होता का?”

रोमेडनं चुलीत लाकूड सारलं. “सोमवारी खाणावळीत सगळ्यांसमोर म्हणाला, सात उघड, शनिवारी चार बसगाड्या येणारेत. मी म्हटलं, बसगाड्यांना सातवरून खाली ढकल, मला विचारू नकोस.”

“मग तुझ्या मागं त्यानं पाटी हिरवी लावली असेल?”

“लावली असती, तर खाली आल्यावर मला हिरवी दिसली असती. लाल होती ना?”

होती. मी स्वतः पाहिली होती.

३

राफ्ल यांच्या कचेरीत कॉफी आली, बरोबर जर्दाळूचा केकही. मी दोन्हीला हात लावला नाही. ते साठीचे, गुटगुटीत, गावातल्या प्रत्येक लग्नात भाषण करणारे.

“बुधवारी सकाळी तुम्ही कुठं होतात?”

“इथंच. दहाला वरून खबर आली, सातवर हिमलोट, वेंडेलिन खाली सापडलाय. सगळे पुरुष वर धावले. फोनपाशी कुणीतरी हवं, म्हणून मी थांबलो.”

“खाली आणखी कोण होतं?”

“तिकीटघरातल्या पोरी. तुझी आई.” त्यांनी केकची बशी माझ्याकडं सरकवली. “मीच पळत जाऊन तिला सांगितलं.”

“सातच्या पाटीला तुम्ही हात लावलात?”

“नाही.”

“सोमवारी तुम्हाला तो उतार उघडा हवा होता.”

“हवा होता. मला रोजच सगळे उतार उघडे हवे असतात, त्याचाच पगार घेतो. पण रोमेडच्या ‘नाही’वर मी कधी ‘हो’ लिहिलेलं नाही. विचार कुणालाही.”

त्यांचा आवाज खरा वाटत होता, पण नजर सारखी खिडकीबाहेर, फळ्याकडं जात होती. बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं.

“सेराफिन, ही चौकशी जिल्ह्याच्या माणसाकडं का देत नाहीस? तू इथला. तुला त्रास होईल.”

कसला त्रास, हे मी विचारलं नाही. गुन्हेगाराला चौकशी नको असते, एवढाच अर्थ मी घेतला आणि मनातल्या मनात राफ्लला अर्धी शिक्षा सुनावूनही टाकली.

४

संध्याकाळी घरी आलो. मी आईबरोबरच राहायचो. लग्नाचा योग आला नव्हता. ती स्वयंपाकघरात पावाचे गोळे वळत होती आणि रेडिओ असा लागला होता की गल्लीतूनच बातम्या कळाव्यात.

माझी आई ओटिली काथराइन. वय त्रेसष्ट. बर्फवार्तेच्या आधी वीस वर्षं ती गावच्या टेलिफोन केंद्रात होती. तारेवर नुसता श्वास ऐकून कोण बोलतंय ते सांगायची. गावातली निम्मी गुपितं तिच्या कानांतून गेली होती आणि एकही बाहेर पडलं नव्हतं. लोक तिला मान देत, त्याचं कारण ते होतं.

दाराशी बूट काढता काढता मी म्हणालो, “आई, बुधवारचं जरा विचारायचंय.”

ती गोळे वळत राहिली. मी रेडिओ बारीक केला, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि पुन्हा विचारलं.

“रोमेडनं बंद सांगितलं,” ती माझ्या तोंडाकडं पाहत म्हणाली. “मी बंद लावलं, बंद वाचलं. टेप तुझ्याकडंच आहे.”

“सातच्या ठोक्याला?”

“बारा वर्षांत एकदा तरी मिनिटभर उशीर केलाय का मी?”

“राफ्लसाहेब नंतर फळ्यापाशी गेले होते?”

“माफ काय करायचं त्यांना?”

“माफ नाही. राफ्ल. राफ्लसाहेब.”

“हां. नाही, मी नाही पाहिलं.” तिनं एक गोळा उचलला, पाहिला, परत मोडून नव्यानं वळायला घेतला. “वेंडेलिनच्या घरी प्रार्थनेला कधी जायचंय?”

“उद्या पाच वाजता.”

“मला बरं वाटत नाहीये. तू जा.”

गावात कुणी गेलं आणि माझी आई प्रार्थनेला गेली नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं. एवढ्यावरून मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी सूप प्यायलो आणि चव चांगली झालीये म्हणालो.

५

शुक्रवारी सकाळी जिल्ह्याच्या गावाहून फोटो धुऊन आले. फळ्याचा फोटो मी टेबलावर ठेवला आणि भिंग घेतलं.

वारा उत्तर-पश्चिमेचा होता. बुधवारी पहाटेपासून साडेआठपर्यंत बर्फ आणि वारा एकत्र होते, मग एकदम थांबलं आणि ऊन आलं. ठाण्याच्या नोंदवहीत तसं लिहिलेलंच होतं. फळ्याचं तोंड वाऱ्याकडं, म्हणून दहा पाट्यांवर बर्फाचा कडक थर बसलेला दिसत होता. अक्षरं जेमतेम वाचता येत होती. टेर हॉर्स्ट म्हणाले होते अगदी तसंच.

उरलेली एक पाटी स्वच्छ होती. ‘बंद’ची अक्षरं दुकानातून आत्ताच आणल्यासारखी चकचकीत.

ती सातची होती.

दीड तास सगळ्या पाट्यांवर बर्फ बसतो आणि मधल्या एकीवर बसत नाही, हे होणं शक्य नाही. ती लाल बाजू त्या दीड तासात वाऱ्यासमोर नव्हतीच. समोर हिरवी होती. वेंडेलिननं नाक लावून वाचलं ते ‘उघडा’ होतं. आणि त्यानं वाचल्यानंतर, तो गाडला गेल्यानंतर, कुणीतरी पाटी उलटी केली होती.

मी फोटो घेऊन राफ्लकडं गेलो. या वेळी कॉफीची वाट पाहिली नाही.

“पाटी फिरवलीये. साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान. खाली होतात तुम्ही.”

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, घातला.

“मी फिरवली असं लिही,” ते म्हणाले.

“म्हणजे फिरवलीत?”

“लिही म्हणतोय ना. सकाळी चुकून हिरवी लागली, नंतर घाबरून मी फिरवली. सही करतो. त्या वेंडेलिनचं नाव स्वच्छ होईल, शिक्षक खांदा देतील, पोरगी शांत होईल. आणखी काय पाहिजे तुला?”

“सकाळी पाट्या तुम्ही लावत नाही. आणि टेपवर तर ‘बंद’च आहे. सात वाजता टेपवर बंद आणि फळ्यावर उघडा, असं कसं?”

राफ्ल उठले आणि माझ्याकडं पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

“टेप जाऊ दे रे,” ते म्हणाले. “देवाच्यान, ती टेप जाऊ दे.”

६

टेप माझ्या कपाटात होती. चौकीत आलो तर नोटबुर्गा बाकावर बसलेली.

“टेप ऐकायचीये मला,” ती म्हणाली.

“मी ऐकलीये. ‘सात बंद’ असं स्पष्ट आहे.”

“शेवटपर्यंत ऐकलीस?”

मी कपाटातून टेप काढली.

“लाव.”

लावली. आईचा आवाज, खणखणीत, टेलिफोन केंद्रातला. खाली सत्तर, वर एकशे नव्वद, नवा पस्तीस, भुसभुशीत. एक ते सहा उघडे. सात बंद. तिथंच मी बुधवारी यंत्र थांबवलं होतं. टेप पुढं सरकली. आठ, नऊ, दहा उघडे, अकरा बंद. वाऱ्याचा जोर, दुपारचं ऊन, संध्याकाळी पुन्हा ढग. आणि त्या शब्दांच्या मागं, दुरून, एक बारीक आवाज.

टण, टण, टण. थांबून टण, टण, टण. पुन्हा थांबून टण, टण, टण.

नोटबुर्गाचा हात तोंडावर गेला.

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात चार घंटा आहेत. सगळ्यात छोटी फक्त गावातलं कुणी गेलं की वाजवतात. बाईसाठी दोन-दोन, पुरुषासाठी तीन-तीन, तीनदा. त्या महिन्यात गावात एकच पुरुष गेला होता. बुधवारी ती घंटा पावणेअकराला वाजली, हे घंटावाल्याच्या वहीत आहे.

“हा माझ्या बापासाठीचा टोल आहे,” नोटबुर्गा म्हणाली. “सात वाजता बोललेल्या टेपवर.”

“ही टेप सातची नाही. पावणेअकराला पुन्हा भरलीये.”

“पण सेराफिन...” ती यंत्राकडं बघत राहिली. “खोटी टेप भरणारा माणूस घंटा ऐकून थांबला नसता का? पुसून पुन्हा भरली नसती? मनोरा चाळीस पावलांवर आहे. एवढी घंटा वाजतेय आणि तुझी आई सरळ बोलतच राहिलीये. जसं काही...”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मला ते पुरं करायची गरज नव्हती. परत म्हणून न दाखवलेले आकडे, ‘सात आज नाही’ यातला तारेत विरून गेलेला शेवटचा शब्द, गल्लीपर्यंत येणारा रेडिओ, माफ आणि राफ्ल. दोन दिवस मी ते वहीत ओळीनं लिहून काढत होतो, आणि वही मिटत होतो.

“मला एक तास दे,” मी म्हणालो.

“दिला,” ती म्हणाली. “पाचला घरी प्रार्थना आहे. सगळे असतील.”

७

आई बर्फवार्तेच्या खोलीत होती. दाराकडं पाठ. मी आत गेलो, टेबलाला वळसा घालून समोर आलो, तेव्हा ती दचकली. टेप पाहिली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मी तिच्या कानाशी जाऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. घंटेचं सांगितलं तेव्हा तिनं मला दोनदा बोलायला लावलं.

“वाजत होती?” ती म्हणाली. “मी बोलत होते तेव्हा?”

“हो.”

“मला वाटलं, अजून वाजवलीच नाही. मी वाट बघत होते.” तिनं डोळे मिटले. “आधी उंच आवाज गेले. पाखरं, मग घंटा. मग शब्दांची टोकं. माणूस समोर असला की ओठ दिसतात, भागतं. फोनला ओठ नसतात.”

“परत का नाही विचारलंस रोमेडला?”

“विचारायचे. डिसेंबरात एकदा तिसऱ्यांदा विचारलं तर ओरडला, ‘बहिरी झालीस का गं म्हातारे?’ थट्टेनंच ओरडला. मी पण हसले. त्यानंतर विचारलं नाही. जानेवारीत राफ्ल म्हणाले, परत परत म्हणण्यात वेळ जातो, सातला वार्ता लागलीच पाहिजे. मी म्हटलं बरं.” तिचा आवाज चढला होता, तिला स्वतःला तो ऐकू येत नव्हता. “बुधवारी मी पाच, सहा, सात उघडे असं ऐकलं. दहाला राफ्ल पळत आले आणि त्यांच्या ओठांवर सात दिसला, तेव्हा कळलं. रोमेड सातसाठी ‘हो’ म्हणणारच नाही, हे मला सकाळीच कळायला हवं होतं. बाहेर गेले, पाटी फिरवली. राफ्लनी पाहिलं, मान खाली घातली आणि आत गेले. मग टेप भरली.”

“वेंडेलिनला दोष लागला, आई. तीन दिवस.”

“मेलेल्याला काय लागतं, असं मी मला सांगत होते.” ती उठली, खुंटीवरचा काळा रुमाल घेतला आणि डोक्याला बांधायला लागली. गाठ बसेना, मी बांधून दिली. “चल. मी त्या घरी तोंड दाखवलं नाही तर मला आरशातही बघता येणार नाही.”

वाटेत तिनं माझा दंड धरला. बर्फ निसरडा होता.

८

प्लांगरांच्या बैठकीत शवपेटी खिडकीखाली होती. भिंतीला लागून शेजारपाजारचे, राफ्ल, दाढी केलेला रोमेड, आणि दाराजवळ आठ स्कीशिक्षक, साध्या कोटांत. प्रार्थना सुरू व्हायची होती. आई मधोमध गेली आणि उभी राहिली.

“सात नंबरचा उतार मी उघडा लावला होता,” ती म्हणाली. केंद्रातल्या त्या आवाजात, खोलीसाठी फारच मोठ्या. “रोमेडनं ‘नाही’ म्हणून सांगितलं होतं. मला नीट ऐकू आलं नाही आणि मी परत विचारलं नाही. मला ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. वेंडेलिननं हिरवी पाटी वाचली. तो गेल्यावर मी ती लाल केली आणि टेप नव्यानं भरली. त्यानं काही चूक केली नाही.”

रोमेड भिंतीकडं वळला आणि कपाळ भिंतीला टेकवून उभा राहिला. राफ्ल आपल्या टोपीचा काठ दुमडत होते. मग शिक्षकांतला सगळ्यात म्हातारा, आल्बुइन, पुढं आला, पेटीजवळ गुडघ्यावर बसला आणि वेंडेलिनला म्हणाला, “माफ कर रे. उद्या जाकीट घालून येतो.” बाकीच्या सातांनी माना खाली घातल्या.

नोटबुर्गा आईकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असावा अशी मी तयारी केली होती. राग होता, पण तो आईवरून सरकत माझ्यावर येऊन थांबला.

“तुला माहीत होतं?” तिनं हळूच विचारलं. “हिला ऐकू येत नाही ते?”

आईनं तिचे ओठ हलताना पाहिले, पण नोटबुर्गा माझ्याकडं वळलेली होती. आईनं माझी बाही ओढली.

“काय म्हणाली ती? काय म्हणाली?”

सगळी खोली माझ्याकडं बघत होती. हळू बोलून चालणार नव्हतं. मी वाकलो आणि आईच्या कानात ओरडून सांगितलं, “ती विचारतेय, मला माहीत होतं का, तुला ऐकू येत नाही ते!”

आई हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच, माझी बाजू घ्यायला निघाल्यासारखी. “त्याला कुठनं माहीत असणार?” ती नोटबुर्गाला म्हणाली. “मी त्याला कळूच दिलं नाही.”

मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. शरद ऋतूत गुरं डोंगरावरून उतरली त्या दिवशी ती सरपंचांना भलतंच उत्तर देऊन बसली, आणि लोक हसले, तेव्हा मीही हसलो होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्यांना घेऊन ये. मी नेलं नव्हतं. चौकीच्या प्रमुखाची आई कानात यंत्र घालून बर्फवार्ता वाचते, ही थट्टा मला खाणावळीत ऐकायची नव्हती.

“होतं,” मी म्हणालो.

ते तिला ऐकू आलं नाही, पण ओठांवर दिसलं. तिचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि डोळे मात्र माझ्या तोंडावर काहीतरी शोधत राहिले.

“मग मला बोलला का नाहीस? बाळा, मी फोन सोडला असता.”

“लाज वाटली, आई.”

हे तिनं वाचलं. सावकाश, एकेक अक्षर वाचावं तसं.

“माझी?” तिनं विचारलं.

ओरडायची गरज नव्हती. मी नुसती होकारार्थी मान हलवली, आणि तिनं माझ्या बाहीवरचा हात काढून घेतला.